पार्किंगमधून पाहिलेली शहरं

सरूबाईनं जयपूर पाहिलं होतं, म्हैसूर पाहिलं होतं, अहमदाबाद तर दोनदा पाहिलं होतं. म्हणजे तिथल्या बस लावायच्या जागा पाहिल्या होत्या.

पाटसच्या मच्छिंद्र आप्पांची सहल दर वर्षी कारखान्याचा हंगाम संपला की निघायची. एक बस, चाळीसेक माणसं, बसच्या पोटात गॅसच्या टाक्या, पिठाचे डबे, मोठाली पातेली, आणि स्वयंपाकाला मांडवगण फराट्याची सरूबाई. हॉटेलचं जेवण या मंडळींना मानवत नसे. तिखट असलं तर पोट बिघडायचं, नसलं तर मन. मंडळी राजवाडे आणि बागा पाहायला गेली की सरूबाई बसच्या सावलीत शेगडी मांडायची. मंडळी परत येईपर्यंत जेवण तयार. जेवण झालं की भांडी, आणि भांडी आवरली की बस पुढच्या गावाला.

तिला शहरं पाण्यावरून आठवत. जयपूरला डाळ शिजता शिजली नव्हती, म्हैसूरला बघता बघता गळून गेली होती. गावात कुणी विचारलं, जयपूर कसं हाय, तर ती खरं तेच सांगायची, पाणी जड हाय. लोक हसायचे. तीही हसायची. पण अलीकडे हसून झाल्यावर तिला थोडं रितं वाटायचं.

यंदा हैदराबाद होतं, आणि ही तिची शेवटची सहल होती. गुडघे आता खाली बसू देत नव्हते. पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघा, असं तिनं आप्पांना निघायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

बस चालवायला नेहमीप्रमाणे दौंडचा इब्राहिम होता. मंडळी फिरायला गेली की तो बसमध्ये झोपायचा, म्हणून त्यालाही शहरं तेवढीच ठाऊक. पण गोवळकोंड्याबद्दल त्यानं दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. सोलापूरच्या पुढे चहाला थांबल्यावर त्यानं ते तिला सांगितलं. किल्ल्याच्या दारात घुमट आहे. त्याच्याखाली उभं राहून टाळी वाजवली की ती पार डोंगराच्या टोकाला ऐकू जाते. एवढ्या लांब टाळी जाईल कशी, हे सरूबाईच्या मनातून जाईना. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, ती जागा आपल्या पायांनी जाऊन पाहायची, असं तिनं उमरग्याच्या आसपास ठरवून टाकलं.

हैदराबादला पोचल्यावर सकाळी चहा देताना तिनं आप्पांना ते सांगितलं, भात झाकून शिजत ठेवून जाईन म्हणाली. आप्पा वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यामागे चाळीस पोटं होती. त्यांनी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग शेगडीकडे.

"सरूबाई, दुपारी लोकं भुकेजून खाली येणार. तवा जेवण लागंल."

"लागंल तवा मिळंल."

"भात कच्चा राह्यला तर लोकं मला खातील."

"राहिला तर मला खाऊ द्या," ती म्हणाली. आप्पांना हसू आलं, आणि हसल्यावर नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

तिनं मसालेभात टाकला. पाणी खळखळ उकळून तांदूळ अर्धा शिजल्यावर तिनं पातेलं खाली उतरवून घेतलं. त्यावर झाकण घट्ट बसवलं, भोवती पोती गुंडाळली, त्यावर दोन गोधड्या, आणि सगळ्यावर तिची जुनी शाल. आत कोंडलेल्या उष्णतेवर अर्धा राहिलेला भात आपोआप शिजतो. तिची आई शेतात जायच्या दिवशी असाच भात लावायची. पण आईचं पातेलं घरच्या माणसांपुरतं होतं. एवढ्या मोठ्या पातेल्याला हे जमेल की नाही, हे सरूबाईला खात्रीनं सांगता आलं नसतं. शेवटच्या सहलीला कच्चा भात वाढला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

इब्राहिमला तिनं पातेल्याशेजारी बसवलं. झाकण काढायचं नाही, किती वेळ होऊ दे, काढायचं नाही. त्यानं मान डोलावली.

मंडळी पुढे निघून गेली होती. सरूबाई हळूहळू दारापर्यंत आली आणि तिकीट काढून आत शिरली. समोर डोंगर होता, त्यावर तटामागे तट, आणि पायऱ्यांवर मुंगीएवढी माणसं. तिनं नुसत्या नजरेनं अंदाज घेतला, जसा पिठाचा घेते. वर चढणं कदाचित झालं असतं. उतरणं जेवणाच्या वेळेपर्यंत झालं नसतं. तिला वाईट वाटलं, पण ते तिनं तिथंच ठेवलं आणि घुमटाखाली गेली.

एक वाटाड्या पाहुण्यांना टाळी वाजवून दाखवत होता. त्याचं दाखवून झाल्यावर तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला विचारलं, वर ऐकू गेली हे इथं खाली कसं कळायचं? असं त्याला आजवर कुणी विचारलं नसावं. वर एक माणूस हात हलवतो, तो म्हणाला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. तिला कुणीच दिसलं नाही.

पाहुणे पुढे सरकले, घुमटाखाली ती एकटी उरली. तिनं हात उचलले आणि जराशी लाजली. टाळी वाजवायची सवय कुणाला होती? तिच्या हातांना एकच ताल येत होता. दोन थापा, मग भाकरी फिरवण्यापुरती उसंत, मग परत दोन. घुमटानं तो आवाज घेतला आणि मोठा करून कुठेतरी पाठवून दिला. ती थोडा वेळ तशीच वाजवत राहिली. कुठं गेला असेल, याचा तिला पत्ता नव्हता. मग भाताची आठवण आली आणि ती परत फिरली.

बसपाशी इब्राहिम पातेल्यापासून जरा लांबच बसला होता. गोधडी जशी तिनं खोचली होती तशी नव्हती.

"झाकण काढलं व्हतं?"

"एकदाच, आक्का. वास लई भारी यायला लागला होता."

तिनं झाकण उचललं. खाली भात मोकळा, छान शिजलेला होता. वरचा थर मात्र दाताला लागेल असा. वरचा थर अलगद काढून तिनं दोन ताटांत घातला, एक स्वतःसाठी, एक इब्राहिमसाठी.

मंडळी घामाघूम होऊन आली आणि जेवायला बसली. आप्पांनी पहिला घास घाईनं घेतला, दुसरा सावकाश. त्यांची बायको सविता वरून पाहिलेलं सांगत होती. वारा किती, शहर किती लांबवर पसरलेलं. मग हसून म्हणाली, "आन् वर गेल्यावर टाळी ऐकू आली बरं का. सगळे वाजवतात तशी न्हाई. थप-थप, थांबून थप-थप. मी यांना म्हणलं, ह्या सरूबाई खाली भाकऱ्याच थापायल्यात."

सहलीत रोज पहाटे याच आवाजानं बसमधल्या बायकांना जाग येत असे. तो त्यांच्या कानांत बसला होता.

सरूबाईचा वाढता हात थांबला. "मीच व्हते ती," ती म्हणाली.

सविता तिच्याकडे पाहत राहिली. तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं सरूबाईच्या पायांवरची लाल धूळ पाहिली, आणि शेजारणीला कोपरानं ढोसून सांगायला लागली. सगळ्या पंगतीत ते पसरलं. कुणी हसलं, कुणी वर डोंगराकडे पाहिलं.

सरूबाईनं आपलं ताट घेतलं आणि बसच्या पायरीवर टेकली. भात करकरत होता. ती तो नीट चावून खात होती. शेवटी तिनं आप्पांकडे पाहिलं.

"उद्या चारमिनारला मी येणार हाय. दशम्या करून ठेवते."

या वेळी तिनं परवानगी मागितली नव्हती. आप्पांच्याही ते ध्यानात आलं.

"आन् पातेल्यावर कुणाला बसवणार?"

"दशमीला झाकण नसतं, आप्पा," इब्राहिम कच्चा भात चावत म्हणाला. "उद्या मी पण येतो."