शेंदूर फासलेला हद्दीचा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे, मित्रांनो. माझ्यापुढे हात जोडण्याआधी माझी हकिकत ऐका.

पाथरवटांनी मला काळ्या पाषाणातून घडवलं आणि शेवगाव तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर पुरलं. काम एकच. दरवर्षी धरण भरलं की माझ्यापासून पाण्यापर्यंत टेप धरायची. अंतर घटलं, तर काठ ढासळतो आहे असं समजायचं. कित्येक वर्षं माझी साक्ष कुणी खोटी ठरवली नाही.

मग आप्पासाहेबांनी काठावर हॉटेल काढलं आणि पाण्यात सिमेंटची भिंत घातली. लाटा भिंतीवर आपटून शेजारच्या साळूबाईंचा मातीचा काठ खाऊ लागल्या. तिथेच साळूबाईंचं घर, आणि त्यांच्या परसात मी. मोजणीत हे दिसलं असतं, तर भिंत पाडावी लागली असती. म्हणून साळूबाई बाजाराला गेल्या असताना आप्पासाहेबांनी मला जेसीबीने उपटलं आणि मागे, रस्त्याकडेला नेऊन रोवलं. शेंदूर फासला, घंटा टांगली. संध्याकाळपर्यंत मी म्हसोबा झालो. गावाने नारळ फोडले. हा देव कालपर्यंत कुठे होता, हे विचारण्याइतकी अक्कल कुणी चालवली नाही.

मोजणीला शामकांत साहेब आले. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र गाडीतच राहिलं. ऊन फार होतं. त्यांनी चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि टेप धरायला लावली.

"सायेब, ह्यो दगड माज्या परसात हुता," साळूबाई म्हणाल्या. "पानी चुलीपाशी आलंय. घर जाईल माजं."

"आजी, अंतर उलट वाढलंय."

"वाढंल न्हाई तर काय. दगडच मागं सरलाय."

आप्पासाहेब हसले. "देव कधी चालतो व्हय, मावशे?"

"देव न्हाई चालत. जेसीबी चालती."

टेप धरणारे मजूर खाली बघून हसले. साहेबांनी चपला घातल्या. "आता देवाला हात कोण लावणार?" म्हणाले आणि हॉटेलात जेवायला गेले.

काठ सुरक्षित असल्याचा अहवाल गेला. पुढच्या वर्षी धरण भरलं आणि साळूबाईंचं स्वयंपाकघर पाण्यात बसलं. उरलेले पत्रे टेम्पोत घालून त्या मिरजगावला लेकीकडे गेल्या.

गाव म्हणालं, "देवाला दगड म्हणाली, त्याचीच ही शिक्षा."

मित्रांनो, त्या सगळ्या गावात खरं बोललेल्या साळूबाई एकट्याच होत्या. मी दगडच आहे. तुम्हीही मला दगड म्हणा, आणि जिथला तिथे राहू द्या.