पांढऱ्या स्तूपावरचे बुद्ध

"आले! भगवंत आले!"

चारशे माणसं एकदम हात जोडून ओरडली. वैशाख पौर्णिमा, सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत, आणि सणासाठी नुकताच चुना दिलेला स्तूप भर उन्हात डोळे दिपवत होता. कुसुमलता टीचरनंही पाहिलं. स्तूपावर खरोखरच केशरी चीवरातले बुद्ध उभे होते. शेजारी तिची थोरली बहीण सोमावती सुजलेले पाय पसरून ढसाढसा रडत होती.

"बघितलंस ना, धाकटे? आता मी काही त्या सुया टोचून घ्यायला जायची नाही."

अक्काची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा शहरात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घेतलं, तरच ती जगणार होती. पण ध्यानगुरू जिनदासांनी बजावलं होतं, "दर्शन झालेल्यानं औषधाला शिवणं म्हणजे भगवंतांवर अविश्वास!" पंधरा दिवसांपूर्वी अक्काला पहिलं दर्शन झालं, तेव्हापासून चार खेपा चुकल्या होत्या. कुसुमलता पाया पडली, भांडली, रडली. अक्का ढिम्म.

जिनदासांचा थाट काय वर्णावा! आधी ते बुद्धांचं चित्र असलेलं मोठं कापड टांगत. "छातीवरच्या ठिपक्यावर नजर रोखा! शंभर मोजेपर्यंत पापणी लवली की पुण्य गेलं वाहून! हं, आता स्तूपाकडे!" विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंना मोतीबिंदूमुळे काहीच दिसेना, तर या पठ्ठ्यानं त्यांचंच पुण्य कमी ठरवलं.

कुसुमलता मात्र कापड न्याहाळत राहिली. यातलं चीवर निळं का? निळ्या चीवरातले बुद्ध कुणी कधी रंगवलेत?

ती उठली, विहिरीवरची निळी बादली आणून सगळ्यांसमोर कट्ट्यावर पालथी घातली.

"हिच्यावर नजर रोखा. मी शंभर मोजते."

"टीचर, ऊन लागलं का?"

"बघा तरी!"

शंभर झाले. माना स्तूपाकडे वळल्या. स्तूपावर केशरी बादली!

"अगं बाई, बादलीला निर्वाण मिळालं!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"निळ्याकडे एकटक पाहिलं की डोळा त्या रंगाला थकतो," कुसुमलता म्हणाली. "मग पांढऱ्यावर त्याच्या उलटा रंग दिसतो. नजर हलवा, बादलीही हलेल. ती स्तूपावर नाही, तुमच्या डोळ्यांत आहे."

भिक्खू हळूच म्हणाले, "भगवंतांनी वेगळं काय सांगितलं? डोळा, रूप आणि जाणीव एकत्र आली की दिसतं. नाव आपण देतो."

जिनदास "पापी नजर!" म्हणत कापड गुंडाळून सटकले.

अक्का हसली नाही. तिलाही बादली दिसली होती.

"म्हणजे माझ्यासाठी कुणीच आलं नव्हतं?"

चारशे जणांना समजावणाऱ्या टीचरनं खाली बसून तिचे सुजलेले पाय चपलांत सरकवले. तिनं अक्काला उठवलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली. फुप्फुसांत पाणी भरलं होतं.

"पंधरा दिवस काय करत होतात?"

तिसऱ्या दिवशी अक्का गेली. जिनदास आता दुसऱ्या गावी आहेत म्हणतात. तिथल्या स्तूपालाही चुना दिलाय.

बाबांनो, डोळ्यांना दिसलं म्हणून ते बाहेर असतंच असं नाही. ताडून बघा, विचारा. आणि ज्याला दिसलं त्याला हसत बसू नका. त्याचा हात धरून वेळेत दवाखान्यात न्या.