टोटोचं लांबलेलं बारसं

मी वरवंटा. बोलतोय खरा, पण एका जागी थांबून बोलायची मला सवय नाही. पुढे गेलो की मागे यायचं, मागे आलो की पुढे जायचं, यातच माझा जन्म गेला. कोणी मधेच हात काढून घेतला की मी नुसता पडून राहतो आणि तेव्हा मला मुळीच करमत नाही.

अमरावतीला अंबागेटाबाहेर पार्बताबाई माळीण राहायची. मळ्यात मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात बसून विकायची. मला आणि माझ्या पाट्याला तिनं पाथरवटाकडून घासाघीस करून घेतलं. घरी आणल्यावर लगेच कामाला लावलं असंही नाही. आधी कोंडा वाटून फेकला, मग जाडं मीठ वाटून फेकलं. आमची कचकच पूर्ण गेल्याची खात्री झाली, तेव्हा कुठे आमच्यावर मिरची आली. पार्बताबाई अशीच होती. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते फोड करून सांगायची नाही.

तिची लेक वच्छला. तिचं लग्न देवीदासशी झालं. तो चांदूर रेल्वेला तारबाबू होता. आफ्रिकेतल्या रेल्वेला तारबाबू पाहिजेत असं त्याच्या कानावर आलं आणि त्याच्या पायाला भिंगरी लागली. तीन वर्षांचा करार करून तो मोकळा झाला. वच्छलेच्या हातावरची लग्नाची मेंदी तेव्हा नीट गेलीही नव्हती.

निघायच्या दिवशी दारात टांगा उभा होता. पार्बताबाई आत गेली, मला उचललं, खसाखसा धुतलं आणि ओलंच लेकीच्या हातात दिलं.

"हे घेऊन जाय. तिकडं लागन."

"अन् पाटा?" वच्छलेनं विचारलं.

"पाटा कोनताई भेटते. हा भेटनार नाई."

वच्छलेनं याचा आपल्या परीनं अर्थ लावला. मायनं जोडी मोडली. एक जण आपल्याजवळ ठेवला आणि एक मला दिला. म्हणजे काही झालं तरी मी हा परत आणलाच पाहिजे. मलाही तसंच वाटलं. दगडाची अक्कल ती केवढी!

जहाजात मी पेटीच्या तळाशी होतो. समुद्र हलायचा तसा मीही पुढे-मागे व्हायचो. पण खाली पाटा नव्हता, वच्छलेचं ठेवणीतलं लुगडं होतं. मोंबासा येईपर्यंत मी त्याला भोक पाडलं.

मोंबाशाहून आत, लाल मातीच्या माळावर एक लहानसं स्टेशन होतं. तिथे त्यांना पत्र्याच्या छपराची खोली मिळाली. समोर काटेरी झाडं, आणि गाडी गेली की रुळांपर्यंत येणारी पट्ट्यापट्ट्यांची गाढवं. वच्छला त्यांना गाढवंच म्हणायची. पाट्याची सोय मुएनीनं केली. ती जवळच्या वस्तीतली, दूध घालायला यायची. वच्छला मला नुसत्या फरशीवर घासते आहे हे पाहून तिनं घरचा वाटायचा दगड डोक्यावरून आणून दिला. तो मधे परातीसारखा खोलगट होता. आमच्याकडचा पाटा सपाट. पहिले काही दिवस मी त्याच्यावर नुसता खडखडत होतो. मग हळूहळू माझंही पोट गोल झालं.

करार संपत आला तेव्हा वच्छलेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात कोणाला शंका नव्हती. तिनं पेट्या काढल्या, आणि त्या दिवसापासून त्या घरात स्वस्थपणा म्हणून राहिला नाही. नवं भांडं घ्यायचं नाही, आता काय जायचंच आहे. भिंतीला खिळा मारायचा नाही. माळ्याची लेक, पण अंगणात सांभाराचा दाणासुद्धा टाकेना. मुएनीनं एकदा हातवारे करून विचारलं, तर म्हणाली, "उगवन तवा आपन कुठं राहू!"

माझे तर हालच होते. ती मला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पेटीत ठेवायची. बदलीचा माणूस आला नाही, जाणं पुढे गेलं, अशी बातमी यायची. देवीदासला ठेच्याशिवाय घास उतरत नसे. मग मला पुन्हा बाहेर काढायचं. मिरची वाटून झाली की धुवायचं, पुसायचं, पुन्हा पेटीत. पेटीत धड झोप नाही आणि बाहेर धड काम नाही.

माणूस आला नाही तो नाहीच. मुलगी त्या पत्र्याच्या खोलीतच झाली. मुएनी आणि तिथल्या गुजराती दुकानदाराची बायको हीराबेन, या दोघींनी सगळं केलं.

बाराव्या दिवशी मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बारशाच्या दिवशी आमचा मान असतो. वरवंट्याला न्हाऊ घालतात, तेल लावतात, बाळाची कुंची घालतात. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहतात आणि आधी त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग बाळाला. म्हणजे बाळाच्या आधीचं बाळ मी. हीराबेननं कुठूनसा पाळणा आणला होता. मुएनी नवं कापड गुंडाळून आली होती. मला तेलसुद्धा लागलं होतं.

वच्छलेनं ते तेल पदरानं पुसून टाकलं.

"नाव इथं नाई ठेवाचं. अमरावतीले, मायच्या घरी. दोन महिन्यांची तं गोठ हाये."

"बहन, तब तक बच्ची को क्या कहके बुलाएगी?" हीराबेननं विचारलं.

मुएनीनं बाळ उचललं आणि म्हणाली, "टोटो." तिकडच्या भाषेत टोटो म्हणजे लेकरू. कोणाचंही लेकरू टोटोच. त्याला काही नाव म्हणत नाहीत.

दोन महिने गेले, चार गेले. एका दुपारी देवीदास खुशीत घरी आला. वच्छला माझ्यावर हात ठेवून लसूण वाटत होती.

"बढती भेटून राहिली. म्या नव्या करारावर सही केली."

तिचा हात थांबला. "मले इचारलं का तुमी?"

"पुन्ना असा मौका येनार हाये का?"

"अन् पोरीचं नाव?"

"ठेव ना इथंच! मी कधी नाई म्हनलो?"

"इथं माह्यं कोन हाये?" ती ओरडली.

दारात मुएनी दुधाचं भांडं घेऊन उभी होती. तिला आमची बोली येत नव्हती, पण तिनं भांडं हळूच खाली ठेवलं आणि ती निघून गेली. मला फार वाईट वाटलं. वच्छलेलाही वाटलं असावं, कारण त्यानंतर तिनं मला इतक्या जोरात फिरवलं की लसणाचं पाणी झालं.

टोटो चालायला लागली, बोलायला लागली. मुएनीच्या पाठीला बांधलेली फिरायची, तिचीच गाणी म्हणायची. घरात मात्र रोज एकच ऐकायची. "आपल्याले घरी जाचं हाये. तुहं नाव आजीच्या घरी हाये." पोर ती! तिला वाटलं, नाव म्हणजे एखादी वस्तू असणार. आजीनं ती नीट झाकून ठेवली असणार आणि आपण जाऊन आणायची आहे. वच्छला पेटी भरायला बसली की तीही आपली चिंधी आणून पेटीत टाकायची. तिला वाटायचं, माणसं अशीच राहतात, रोज पेटी भरतात आणि रोज उपसतात.

शेवटी एकदाचं निघणं झालं. देवीदासला लांबलचक रजा मिळाली. ती संपली की त्याला परत यायचं होतं. वच्छलेनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं, आपण पुन्हा पाऊल टाकायचं नाही. स्टेशनवर हीराबेन रडली. मुएनी गाडीबरोबर चालत राहिली. टोटो एकटीच हसत होती. खिडकीतून हात हलवून म्हणाली, "मुएनी, नाव घेऊन येते!"

मुंबईच्या गोदीत आमची झडती झाली. पेटीच्या तळाशी गुंडाळलेलं जड काहीतरी लागलं तेव्हा शिपायाचे डोळे चमकले. त्यानं धडपा सोडला आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"पत्थर? इतनी दूर से पत्थर लाए?"

"आमचाच हाये," वच्छला मान ताठ करून म्हणाली. "वापस आनला." माझी छाती त्या दिवशी दोन बोटं फुगली असेल.

अकोल्याला देवीदासची बहीण मैनाबाई गाडीत चढली. नाव ठेवायला आत्या पाहिजेच. तिनं आल्या आल्या टोटोला मांडीवर घेतलं, आणि बडनेऱ्यापर्यंत टोटो तिला एकच विचारत होती, "अजून किती दूर हाये माहं नाव?"

घरी पोचल्यावर टोटोनं आजीच्या पाया पडायच्या आधीच घर धुंडाळायला सुरुवात केली. उतरंडीतली गाडगी वाकवून पाहिली, भाजीची टोपली उपडी केली, चुलीमागे हात घातला. इकडे वच्छला मला घेऊन धावत पाट्याजवळ गेली. पाट्याशेजारी दुसराच वरवंटा बसलेला होता. तिनं त्याला बाजूला सारलं आणि मला पाट्यावर ठेवलं. मी डुगडुगलो. माझं पोट गोल, पाटा सपाट. मधली मिरची तेवढी वाटली गेली, कडेची तशीच राहिली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलो त्याच्यावर मला नीट बसताही येईना. वच्छलेनं दोन-तीनदा जोर लावून पाहिलं आणि मग मला सोडून दिलं.

"पोट्टी काय धुंडून राहिली वं?" पार्बताबाईनं विचारलं.

वच्छलेनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पार्बताबाईच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"तीन वर्सं झाली अन् लेकराले नाव नाई?"

"तूच तं वरवंटा देल्ला माय. वापस आनाले."

"वापस आनाले? माह्या घरी दगडं कमी हायेत का? तुले तिकडं लेकरू होईन, जवळ आपलं कोनी नसन, पाळन्याखालून फिरवाले आपल्या घरचं काईतरी असावं, म्हून देल्ला म्या!"

"मंग तवाच सांगाचं नाई?"

"नव्या नवरीले असं तोंडावर सांगतेत का? समजाले पाह्यजे."

वच्छलेनं मला पाट्यावरून उचलून मांडीवर घेतलं. ज्या कामासाठी मला इतक्या लांब पाठवलं, त्याच कामाच्या दिवशी तिनं माझं तेल पुसून टाकलं होतं. मी पेटीत ये-जा करत राहिलो आणि पोर बिननावाची फिरत राहिली.

पार्बताबाईनं दुसऱ्याच दिवशी पाळणा बांधला. घुगऱ्या शिजल्या, आळीतल्या बाया जमल्या. टोटो पाळण्यात मावेना. पाय बाहेर काढून हसत सुटली. मग पाळण्यात मी एकटाच, कुंची घालून. माझी हौस फिटली, पण खरं सांगतो, तीन वर्षांच्या पोरीदेखत बाळ होऊन पडायला मला लाज वाटत होती. मैनाबाईनं टोटोच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, "शकुन." बायांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. टोटो ते नाव मोठमोठ्यानं म्हणत घरभर नाचली. प्रत्येकीपुढे जाऊन म्हणाली, "भेटलं, माहं नाव भेटलं!"

मग तिनं पाळण्यातून मला दोन्ही हातांनी कसंबसं उचललं. फरफटत पेटीपाशी नेलं, तोच धडपा शोधला आणि मला गुंडाळायला लागली.

"काय करून राहिली?" वच्छलेनं विचारलं.

"झालं ना नाव. आता घरी चाल."

बाया हसल्या. वच्छला हसली नाही. "हेच घर हाये शकुन."

"नाई. हे नावाचं घर हाये. आपलं घर मुएनीपाशी हाये."

त्यानंतर ती पेटीवरच बसून राहायला लागली. जेवायला हाक मारली तर म्हणायची, "गाडी आली का?" स्वतः वच्छला तिकडे असंच विचारायची, याच आवाजात. पोरीनं आईकडून दुसरं काही उचललं नसेल, ते झुरणं मात्र जसंच्या तसं उचललं होतं. वच्छला ताट घेऊन पेटीपाशीच यायची आणि तिला तिथेच भरवायची.

देवीदासची रजा संपत आली. एका सकाळी तो अंगणात दाढी करत होता. वच्छला मला सपाट पाट्यावर डुगडुगवत चटणी वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी निंगाल तवा आमी बी येतो."

त्याचा वस्तरा थांबला. "तू तं म्हनत होती..."

"अन् पाळना बी संगं घेऊ. पुढचं लेकरू इथं होवो का तिथं, बाराव्या दिवशी नाव ठेवाचं. हीराबेन हाये, मुएनी हाये. मी आता थांबनार नाई."

आज मी पुन्हा पेटीत आहे. माझ्यावर पाळण्याच्या दोऱ्या गुंडाळून ठेवल्या आहेत. पार्बताबाईनं या खेपेला काही दिलं नाही, सकाळपासून ती लेकीकडे पाठ करून भाजीच्या जुड्या बांधत बसली आहे. टोटो पेटीवर बसून पाय आपटते आहे आणि बाहेर टांग्याची घंटा वाजते आहे.

निघता निघता दगडाची एक विनंती ऐका. तुमचं लेकरू परमुलखात जन्मलं तर घरी पोचायची वाट पाहू नका. पाळणा नसला तर लुगड्याची झोळी चालते. दोन बाया लागतात, त्यांची बोली तुम्हाला कळली नाही तरी चालतं. आणि खालून-वरून फिरवायला एक दगड लागतो. तो मीच असलो पाहिजे असं मला इतके दिवस वाटत होतं. पण तसं काही नाही. कुठलाही चालतो.