डाव्या डोळ्याचं पाठांतर

सुलेखाताईंचा नेम होता, अथर्वशीर्षाचं एक आवर्तन झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. न्यूझीलंडमध्ये पुकेकोहेला मुलाकडे आल्या तरी त्यात खंड पडला नाही. उलट शेजारच्या पाटावर चार वर्षांची नात इरा येऊन बसू लागली. डोळे मिटून म्हटलेल्या प्रत्येक ओळीला एक बेदाणा मिळे, आणि त्या जोरावर पोर निम्मं अथर्वशीर्ष घडाघडा म्हणू लागली होती.

मंगळवारी बेदाणा चघळत ती म्हणाली, "आजी, किंडीत, माझ्या शाळेत, नर्स आली होती. डोळे बघायला. आय पास्ड."

"गुणाची गं बाय माझी."

"या डोळ्याने वाचलं." तिने उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "मग नर्सने तो झाकला. देन आय जस्ट सेड इट. आपण म्हणतो तसं."

सुलेखाताईंचा हात ताम्हनावरच थांबला. त्यांनी इराचा उजवा डोळा तळव्याने झाकला, दुसऱ्या हाताची दोन बोटं लांब धरली. "किती गं?"

"हीप्स! खूप खूप," इरा बिनधास्त म्हणाली.

संध्याकाळी हे ऐकून मुलाला, नितीशला, हसू आलं. "आई, पास झाल्याचं पत्र आलंय. गंमत करत असेल ती. तुझं आपलं काहीतरी."

सुलेखाताईंनी आवाज कधी चढवला नव्हता, आताही नाही. "मीपण पास झाले होते. साठ साली, कराडला, तिसरीत. डॉक्टर शाळेत आले, भिंतीवर तक्ता लावला. उजव्याने वाचलं, डाव्याने नुसतं म्हटलं. मास्तरांनी पाठ थोपटली. कळलं तेव्हा उशीर झाला होता. या डोळ्याने मला तुझा चेहरा कधी नीट दिसला नाही, नितीश."

सून मृणालिनीने गॅस बंद केला. "आई, इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"पास झालेल्याने काय बोलायचं, बाळ?"

शुक्रवारी चौघं डोळे तपासायला गेली. त्या दिवशी आवर्तन झालं तरी सुलेखाताईंनी चहा घेतला नाही. तपासणाऱ्या बाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून इराला उंच खुर्चीत बसवलं. दर वेळी अक्षरं बदलत होती. उजवा डोळा झाकल्यावर इरा पहिल्यांदाच गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आय डोन्ट नो."

सुलेखाताईंनी पदर घट्ट धरला.

बाई बराच वेळ बोलल्या. मृणालिनी सासूच्या कानाशी वाकली. "डावा डोळा आळसावलाय. चष्मा लागेल, आणि रोज दोन तास उजव्यावर पट्टी. पण आई, वेळेत आलोय आपण. या वयात सुधारतो म्हणाल्या."

बाहेर आल्यावर नितीशने समोरून चहा आणून दिला. पिशवीचा, फिक्का. सुलेखाताईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

आता पाटावर नवा नियम आहे. पट्टी लावायची आणि देव्हाऱ्यातलं एकेक बघून सांगायचं. पहिले काही आठवडे नुसतं "समथिंग शायनी" चाललं होतं. काल मात्र इरा चष्म्यातून पुढे वाकली, आणि थांबली.

"आजी, बेलवर बर्ड आहे."

"घंटेवरचा गरुड आहे तो."

"त्याने हात जोडलेत."

एक बेदाणा ठरला होता. सुलेखाताईंनी वाटीच पुढे केली.