दुसरी जागा

करडीच्या शाळेत टिकाराम गुरुजींनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण स्वतः ते जबलपूर आणि रायपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्यामुळे मंजुषाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला तेव्हा त्यांना आधी थट्टाच वाटली. मंजुषा परदेशात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होती. दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या एकोणीस दिवसांच्या सफरीत कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना दोन जागा मिळत. सगळ्या नोकरीत एकदाच.

"आईला विचारून सांगा," ती म्हणाली.

गुरुजींनी विचारलंच नाही. दोन दिवसांनी त्यांनी मंजुषाला कळवलं, "तुयी आई नाही म्हणते. गुडघे दुखून राहिले तिचे." आणि बायकोला, विमलाबाईंना, सांगितलं, "एकच जागा हाय म्हणे."

"मंग जा ना तुम्ही," विमलाबाई म्हणाल्या. "जनमभर पोरायले नकाशावर दाखवलं, आता सोता पाहून या." त्यांनी तिळाचे लाडू बांधून दिले, लोकरीच्या बनियनला आतून खिसा शिवला आणि निघताना त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

जानेवारीत जहाज अर्जेंटिनाच्या टोकावरून सुटलं. पहिले दोन दिवस समुद्र असा खवळला की टेबलावरची ताटं घसरत होती. गुरुजी पलंगाची कड धरून ओकत होते. विमला माहेरी एकोडीच्या तलावावर वाढलेली, शिंगाडे तोडायला डोंग्यात, लाकडाच्या अरुंद होडीत, बसून जाणारी. तिला काही झालं नसतं, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी बर्फ दिसला. पांढरा कमी, निळाच जास्त. काठावर हजारो पेंग्विन, आणि कोंबड्यांच्या खुराड्यासारखा उग्र वास. रबरी होडीत उतरायच्या रांगेत गुरुजींच्या पुढे काठी टेकत एक म्हातारी उभी होती, ऐंशीच्या पुढची. दोन खलाशांनी तिला दंडाला धरून होडीच्या कडेवर बसवलं. तिचा नवरा मागून तिची काठी घेऊन आला. काठावर तिने गुरुजींना विचारलं, "बायको नाही आली?"

गुरुजींनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "गुडघे."

म्हातारीने आपल्या दोन्ही गुडघ्यांवर थापा मारल्या, दोन्हींचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं आणि खळखळून हसली.

त्यानंतरचे दिवस गुरुजींनी सगळं पाहिलं, पण एकट्यानं पाहिलं. खरं कारण गुडघे नव्हतेच. विमला चारचौघांत मोठ्याने बोलेल, काटा-चमचा बाजूला सारून हातानं जेवेल, लोक पाहतील, ही त्यांना धास्ती होती. जहाजावर मात्र कोणी कोणाच्या ताटाकडे पाहत नव्हतं.

घरी आल्यावर विमलाबाईंनी त्यांना आठ दिवस सोडलं नाही. बर्फ खाऊन पाहिला का? त्या पाखरायची पिल्लं काय खातात? एवढ्या लोकायचा सैपाक कोण करते? गुरुजी सांगत गेले. सांगताना त्यांना बरंही वाटे आणि लगेच कसंसंही होई.

रविवारी मंजुषाचा व्हिडिओ कॉल आला. विमलाबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तू नाही म्हणालीस ना, मला फार वाईट वाटलं. तुझी जागा परत करावी लागली."

विमलाबाईंचा हात थांबला. त्यांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं.

"हो व माय," त्या म्हणाल्या. "गुडघे लय दुखत होते."

फोन बंद झाला.

"काहून?" विमलाबाईंनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "मले लाज वाटली."

"कायची?"

"तुयी. लोकायमंधी."

विमलाबाई मेथीच्या काड्या गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलेबी गुडघ्याचंच म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मंजुषाला फोन करून सगळं खरं सांगितलं. दुसरी जागा मिळेल का, मी हात जोडतो, असंही म्हणाले. "मिळत नाही, बाबा," एवढं बोलून तिने फोन ठेवला. पुढे तिचे फोन थेट आईलाच येऊ लागले.

मे महिन्यात मंजुषा सुट्टीवर आली आणि आईला घेऊन रत्नागिरीकडे गेली. विमलाबाईंनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. गुरुजींना कोणी चला म्हटलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आठवडाभर ते हातानं भात शिजवून खात होते, आणि मनात प्रश्न जमवत होते. लाटांना भ्याली का? पाण्यात किती आत गेली? पाणी चाखलं का?

विमलाबाई परत आल्या. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, पाय धुतले. गुरुजी उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले.

"कसा होता समुद्र?"

"चांगला होता," विमलाबाई म्हणाल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.