मास्तरांचं तळं

भूगोलाचे मास्तर निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडूच्या शिवणाच्या दुकानात ठाण मांडून बसत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला डोंगरावरचं तळं ऐकवत. चौदा हजार फुटांवर, आरशासारखं, निळंशार! बारा वर्षांत शिंप्याचे कान किटले होते. एकदा त्या नादात त्याने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

शेवटी शिंप्याच्या बायकोने विषय संपवला. "भावोजी, आता ते तळं दाखवाच आम्हाला."

मास्तरांनी आधी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग हवेचं, मग रस्त्याचं. पण तोवर त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईने, स्वेटर बाहेर काढलेसुद्धा.

जीप थांबली तिथून पुढे तासाभराची चढण होती. चहाच्या टपरीपाशीच मास्तरांचा चेहरा उतरला.

"तुम्ही जाऊन या. माझं पाहून झालंय."

दोघी बहिणी बोलत बोलत पुढे निघूनही गेल्या. शिंपी बुटाची नाडी बांधायला मागे राहिला.

"मास्तर, वर गेल्यावर तळं कोणत्या हाताला लागतं?"

मास्तरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मला काय माहीत. त्या वेळी इथेच धाप लागली. चहा घेतला आणि परत फिरलो."

"आणि ते निळंशार?"

"पाठ्यपुस्तकात चित्र होतं."

शिंप्याला हसू फुटणार होतं. बारा वर्षांचं उट्टं काढायची संधी आयती चालून आली होती. पण मास्तरांचे कान लाल झालेले पाहून त्याचं मन विरघळलं. "उठा," तो म्हणाला. "चाळीस पावलं चालायचं आणि बसायचं. घाई कुणाला आहे?"

तासाच्या वाटेला अडीच तास लागले. वर पोचले तेव्हा दोघींची संत्री खाऊन झाली होती. तळं ढगाखाली पडलेलं, राखाडी, काठाला मळकट बर्फ. मास्तर एका दगडावर बसून एकटक बघत राहिले. त्यांची बडबड पहिल्यांदाच बंद पडली.

"भावोजी, तुम्ही तर निळं म्हणाला होतात," शिंप्याची बायको म्हणाली.

"ऊन पडलं की निळं दिसतं," शिंपीच मध्ये बोलला. "मास्तर उन्हात आले होते."

उतरताना जीपमध्ये मास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी ड्रायव्हरला सांगायला सुरुवात केली, "आमचे साडूबुवा पार गळाले होते. म्हटलं, चाळीस पावलं चाला आणि बसा. हाताला धरून वर नेलं."

ताईने काळजीने मागे वळून विचारलं, "इतकं झालं होतं का हो तुम्हाला?"

शिंप्याने खिडकीबाहेर पाहिलं. "झालं होतं खरं. मास्तर नसते तर इतक्या वेळा बसायला मिळालंच नसतं."

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मास्तर मात्र आता तळ्याची खोली सांगत होते.