तापवून ठेवलेलं इंजिन

मित्रांनो, म्हाताऱ्या गाडीला बोलतं केलं की ती आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू लागते. माझ्याकडेही तशा एकदोन आहेत, पण आज सांगायची आहे ती लाजेची गोष्ट. मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे आणि एका भल्या माणसाच्या फसवणुकीत मी सामील होते.

माझे पहिले मालक काशीनाथराव लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेत. भाईंदरपासून मीरा रोडपर्यंत किती पंगतींची पातेली मी वाहिली! दसऱ्याला ते मला झेंडूचा हार घालून ‘माझी लक्ष्मी’ म्हणायचे. मग दोन हजार पाचची सव्वीस जुलै आली. इमारतीखाली मी दोन दिवस पाण्यात बुडून उभी होते. पाणी ओसरलं, पण गाळ माझ्या पोटातच राहिला. काशीनाथरावांनी जड मनाने मला महिपतला देऊन टाकलं.

महिपत जुन्या गाड्या विकायचा. त्याने मला चकचकीत केलं, नवी सीट कव्हरं चढवली आणि समोर छोटासा गणपती बसवला. कुबट वास उदबत्तीने झाकला. थंड असताना मी एका चावीत कधीच चालू होत नसे. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तो मला धक्का मारून चालू करायचा आणि अर्धा तास तापवून ठेवायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत झाली.

दिवाळीच्या सुट्टीत दशरथकाका मला बघायला आले. ते मूळचे रत्नागिरीचे. तीस वर्षं एका कंपनीत साहेबांच्या गाड्या चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. सिल्व्हर पार्कमधल्या सात घरांना त्यांनी शब्द दिला होता, ‘सुट्टी संपली की तुमची मुलं मी शाळेत सोडणार.’ आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःची गाडी घेत होते.

“अहो, विठूला घेऊन येऊया का?” त्यांच्या पत्नी सुचेताकाकूंनी हळूच विचारलं. विठू म्हणजे चौकातला मेकॅनिक.

“तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय मी,” काका म्हणाले. “विठू काय शिकवणार मला?”

समोर गणपती दिसताच काकांनी चपला बाहेर काढल्या आणि नमस्कार करून ते आत बसले. त्यांचा अनवाणी पाय ओलसर कार्पेटला लागला.

“ओलं लागतंय रे.”

“आत्ताच धुतलीय, काका. बाप्पाची गाडी आहे, गंदी कशी ठेवणार?” महिपत म्हणाला.

काका ओशाळले. देवासमोर संशय घेतल्यासारखं वाटलं असावं त्यांना. कार्पेट उचलायला पुढे झालेला हात त्यांनी मागे घेतला आणि चावी फिरवली. मी लगेच चालू झाले. काकांचा चेहरा उजळला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी मला विकत घेतलं आणि महिपतने तापवून दिलेली मी शाळेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात आले. शाळेच्या पहिल्या सकाळी सात मुलं दप्तरं घेऊन उभी होती. मी नुसती खोकले. काकांनी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. शेवटी मुलांनीच मला धक्का मारला, तरी मी हलले तेवढीच.

“काका, तुमच्या भरवशावर रिक्षावाल्याला नाही सांगितलं आम्ही,” एका मुलीची आई, ममता, म्हणाली. ती रागावलीसुद्धा नव्हती. काका सगळ्यांची माफी मागत राहिले. सुचेताकाकू खिडकीत होत्या. त्यांनी तिथूनच विठूला फोन लावला आणि काकांना तेच जास्त लागलं.

विठूने कार्पेट उचललं. खाली साचलेला गाळ आणि बोटाने तुटणारा पत्रा. “पान्यात बसलेली गाडी हाय ही, काका. वायरी सगल्या सडल्यात. आता काय उपेग न्हाय.”

मुलं रिक्षाने जाऊ लागली. काका दुसऱ्या वाटेने भाजीला जाऊ लागले. शेवटी त्यांनी मला विकायला काढलं. एका रविवारी निकेत नावाचा तरुण मला बघायला येणार होता. त्या सकाळी काका आले, उतारावर धक्का मारून त्यांनी मला चालू केलं आणि तापवत ठेवलं. मित्रांनो, महिपतने हे केलं तेव्हा मला लाज वाटली होती. काकांनी केलं तेव्हा मला रडू आलं.

निकेत आला. “एकदम मस्त आवाज आहे. तुम्ही ड्रायव्हर ना काका? मग मी काय तपासणार! तुम्ही म्हणाल ते खरं.”

काकांनी खिडकीतून हात घालून चावी बंद केली.

“तीस वर्षं गाडी चालवली,” ते म्हणाले, “पण गाडी ओळखता नाही आली मला. साहेबांच्या गाड्या दुसरेच कोणी बघायचे, मी फक्त हाकायचो. ही पाण्यातली आहे. तू यायच्या आधी मीच तापवून ठेवली होती. दुपारी ये आणि थंड असताना चावी फिरव.”

मित्रांनो, जुनी गाडी घ्याल तेव्हा ती थंड असताना चालू करून बघा. पायाखालचं उचलून बघा, देवाला त्याचा राग येत नाही. आणि जाणकाराला सोबत नेण्यात कमीपणा मानू नका. आम्हा गाड्यांवर विसंबू नका. आम्हाला तापवलं की आम्ही कुणासाठीही चालू होतो.

निकेत दुपारी खरंच आला. काका त्याच्या शेजारी उभे होते. त्याने चावी फिरवली, मी चालू झाले नाही, आणि काकांनी कितीतरी दिवसांनी मान वर केली.